मोटारीच्या मागच्या काचेखालचा गंज

जुनी मोटार पाहावयास गेलों कीं माझी नजर प्रथम मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांकडे वळते. रबरी पट्टीच्या कडेला रंगाचा बारीक फोड आलेला असतो. मालकाला तो क्षुल्लक वाटतो. पण पट्टी उचलावी तों खालीं चौकटीच्या पत्र्याची चाळण झालेली! तेथून पाणी डिकींत झिरपतें आणि तळाशीं दुसरा गंज धरूं लागतो.

उघडें छप्पर शाबूत राहून झांकलेली जागाच कां कुजावी? केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावरून याचें उत्तर दिलें. लोखंडावरील थेंबाच्या कडेला हवेंतील प्राणवायु सहज पोंचतो, मध्यभागीं कमी पडतो. आणि झिजतें तें मध्यभागचें लोखंड. रबराखालीं अडकलेलें पाणी असेंच वागतें. पाणी अडविण्यासाठीं बसविलेली पट्टी जुनी होऊन आकसली कीं तीच पाणी धरून ठेवते. मुंबईसारख्या बंदरांत खारा वारा आणि पावसाळा यांची त्यांत भर पडते.

उपायाचा इतिहास मोटारीहून जुना आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्त व लोखंड जोडून पाहिलें. तें झिजलें, तांबें वांचलें. (वांचलेल्या तांब्यावर सागरी जीवांनीं खुशाल वस्ती केली आणि जहाजें मंदावलीं, ही गोष्ट निराळी!) १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यांनीं लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडविण्याचें पेटंट घेतलें. पुढें १९६० नंतर फोर्डच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडाच रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या योगें रंग सांध्यासांध्यांत पोंचविण्यांत येऊं लागला. आणि १९७५ च्या सुमारास पोर्शेच्या ९११ गाडीला जस्त चढविलेला पत्रा मिळाला. सोरेलपासून इथवर सुमारें १४० वर्षें गेलीं!

ज्यांच्या दारांत त्यापूर्वीच्या धाटणीची गाडी आहे, त्यांनीं काय करावें? काच काढल्यावांचून दुरुस्ती नाहीं, एवढें पक्कें समजावें. भोंकांत लांबी भरून वर रंग मारणारा कारागीर स्वस्त पडतो खरा. पण लांबी ओल शोषते आणि आंतला गंज चालूच राहतो. त्यापेक्षां चकचकीत लोखंड लागेपर्यंत कुजका भाग कापावा, नवा तुकडा वेल्डिंगनें जोडावा, आणि पट्टीखालीं दडणाऱ्या कडेलाहि जस्तयुक्त अस्तर व रंग द्यावा. हा रंग पुरता वाळूं द्यावा. घाईनें काच बसविली तर रबर तो खरवडून काढतें. जुनी पट्टी पुन्हा वापरूं नये.

शेवटीं एक माणूस टॉर्च घेऊन गाडींत बसवावा, आणि बाहेरून खालच्या कोपऱ्यांवर पाण्याची नळी दहा मिनिटें धरावी.