पेठेचा धनी आणि गाळेकरी

व्यापाराचा इतिहास लिहितांना मालाकडे फार आणि पेठेकडे थोडें लक्ष द्यावें, अशी आपल्या लेखकांची एक जुनी खोड आहे. कापूस कोठून आला, कोणत्या बंदरावर चढला, त्यास काय भाव मिळाला, हें सर्व आपण तपशीलवार सांगतों. पण तो कापूस ज्या जागेवर उतरला ती जागा कोणाची होती, तेथील कांटा कोणाच्या हातीं होता आणि तंटा पडल्यास निवाडा कोण करी, हे प्रश्न बहुधा तळटीपेंत जातात. वास्तविक पेठेचा धनी आणि पेठेंतील गाळेकरी यांचें भांडण व्यापाराइतकेंच जुनें आहे. आज तें अशा एका पेठेंत चाललें आहे कीं, जिला ना वेस आहे, ना ओटा, ना गुदाम. संगणकावरील व हातांतील फोनवरील कार्यक्रम जेथें मांडले जातात त्या ‘स्टोअर’ नांवाच्या पेठेविषयीं आम्ही बोलत आहों. नांदेड-लातूरच्या बाजाराशीं तिची तुलना करणें कित्येकांस ओढूनताणून आणल्यासारखें वाटेल; त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति आहे.

लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट येऊन पोहोंचली आणि तें गांव अडतीची पेठ म्हणून वाढीस लागलें. नांदेडास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आला होता. तेथें कापसाचें प्रस्थ. दोन्ही गांवें १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. शेतकरी गाडी भरून येई व ती आपल्या अडत्याच्या दारांत सोडी. हा अडत्याच त्याचा सावकार, तोच त्याचा यजमान, तोच त्याच्या मालाचा विकणारा. आणि पुष्कळ वेळां आडून घेणाराहि तोच. भाव रुमालाखालीं बोटें दाबून ठरे. या रीतीस हत्ता म्हणत. ज्याचा माल त्यालाच तेवढा भाव कळत नसे! मग हातीं पट्टी येई आणि तींत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय व कडता हे सर्व पाहुणे ओळीनें बसलेले असत. आमच्या समजुतीप्रमाणें शेतकऱ्याचें खरें दुःख अडतीच्या दराचें नव्हतें. दर त्याला ठाऊक असे व तो बापजाद्यांपासून देत आलेला असे. जो अडत घेतो तोच कांटा धरतो, आणि कांट्याविषयीं तक्रार करावयाची तीहि त्याच्याचपुढें, हें त्याचें दुःख होतें.

याला उपाय निघाला तो वऱ्हाडांत. तो मुलूख नांवाला निजामाचा, पण अंमल इंग्रज रेसिडेंटाचा. तेथील कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ त कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. पुढें १९२८ सालच्या शेतकी कमिशनानें अशा बाजारांचा पुरस्कार केला, आणि १९३० त निजाम सरकारनें आपल्या राज्यासाठीं शेतमालाच्या बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा आहे. या सर्व कायद्यांचें मर्म एकच होतें. दस्तुरीचे दर उघड लावावे, मापाड्यानें परवाना घ्यावा, लिलाव बोलून व्हावा आणि तंटा समितीपुढें जावा. म्हणजे जीं कामें एका माणसाच्या हातीं एकवटलीं होतीं तीं तीन-चार हातांत विभागावीं. आम्ही बाजार समित्यांचे भाट नव्हे. समित्याहि पुढें गाद्या झाल्या, हें मराठवाड्यांत कोणास सांगावयास नको. फळें व भाजीपाला यांना समितीच्या नियंत्रणांतून सोडविण्याचा आणि अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय सरकारला २०१६ च्या जुलैंत करावा लागला. तथापि कामें विभागण्याची ती मूळ कल्पना खोटी ठरली, असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां नव्या पेठेकडे वळूं. ज्या खिडकींतून इंटरनेटचीं पानें पाहावयाचीं तिला ब्राउझर म्हणतात. या खिडकीस कोणा त्रयस्थानें बसविलेली लहानशी झडप किंवा भिंग म्हणजे एक्स्टेन्शन. एखादें जाहिराती अडवितें, एखादें शुद्धलेखन तपासतें, एखादें दोन दुकानांतील भाव ताडून दाखवितें. हीं रचणारे बहुधा एकटे-दुकटे असतात. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तु ते फुकट वाटतात, आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला म्हणजे तिजपासून चार पैसे कसे मिळतील याचा विचार करूं लागतात. येथेंच पेठेच्या धन्याशीं गांठ पडते. अ‍ॅपल कंपनीनें २००८ च्या जुलैंत आपली पेठ उघडली व विक्रीचे शेंकडा ७० रचणारास आणि ३० आपणांस असा वांटा ठरविला. गूगलच्या प्ले स्टोअरचाहि दर पुढें तोच झाला. गूगलच्या क्रोम ब्राउझरची पेठ, म्हणजे क्रोम वेब स्टोअर, २०१० च्या डिसेंबरांत सुरू झाली. तेथें दस्तुरी शेंकडा ५ एवढीच होती.

परंतु या इतिहासांतील पहिला गाजलेला तंटा त्याहून थोडा आधींचा आहे, आणि तो धनी व गाळेकरी यांच्यांतला नसून दोन गाळेकऱ्यांतला आहे. मोझिला संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरसाठीं जॉर्जिओ माओने या इटालियन गृहस्थानें नोस्क्रिप्ट नांवाचें एक्स्टेन्शन रचलें होतें. तें फुकट असे. त्यांची मिळकत आपल्या संकेतस्थळावरील जाहिरातींची. तिकडे व्लादिमिर पालांट यांचें अ‍ॅडब्लॉक प्लस जाहिराती अडवी, आणि त्याच्या अडविण्याच्या यादींत माओने यांचें स्थळहि आलें. माओने यांनीं वाट बदलावी, यादीवाल्यांनीं ती पुन्हा बुजवावी, असा खेळ कांहीं काळ चालला. शेवटीं २००९ च्या वसंतांत नोस्क्रिप्टच्या नव्या आवृत्तीनें वापरणाराच्या संगणकांतील अ‍ॅडब्लॉक प्लसमध्यें शिरून आपल्या स्थळास सूट देऊन टाकली. शेजाऱ्याच्या दुकानांत जाऊन त्याचा कांटा आपल्या सोयीचा करून ठेवण्यासारखेंच हें झालें. ओरड होतांच माओने यांनीं ती युक्ति काढून टाकली व जाहीर क्षमा मागितली. त्यानंतर मोझिलानें नियम केला कीं, कोणत्याहि एक्स्टेन्शनानें वापरणारास न कळवितां त्याची मांडणी बदलूं नये आणि असा बदल त्याच्या स्पष्ट संमतीवांचून लागूं होऊं नये. पेठेच्या धन्यास न्यायासनावर बसविलें तें प्रथम गाळेकऱ्यांनींच, आणि तेंहि सकारण. हें ध्यानांत न घेतां पुढील सर्व इतिहास केवळ जुलमाची कथा म्हणून वाचणारे चुकतात.

गंमत अशी कीं, अ‍ॅडब्लॉक प्लसनें स्वतः २०११ च्या डिसेंबरांत ‘स्वीकार्य’ जाहिरातींची यादी काढली. त्या यादींतल्या मोठ्या कंपन्यांना वाढलेल्या उत्पन्नापैकीं शेंकडा ३० देणें पडूं लागलें. ज्यास दुसऱ्याचा नाका नको होता त्यानें आपला नाका घातला, आणि दरहि नेमका तोच! २०१३ च्या मार्चांत गूगलनें जाहिराती अडविणारे कार्यक्रम प्ले स्टोअरमधून काढले. ते दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत ढवळाढवळ करतात, हें त्याचें कारण. जाहिरातींवरच जिची बहुतेक मिळकत तिनें हा न्याय द्यावा, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाहीं.

क्रोमच्या पेठेंत २०२० सालीं जें घडलें तें अधिक बोलकें आहे. त्या जानेवारींत गूगलच्या नजरेस आलें कीं, पैसे घेणाऱ्या एक्स्टेन्शनांच्या आडून लबाडीचे व्यवहार वाढले आहेत. तेव्हां नवीं सशुल्क एक्स्टेन्शनें मांडणें तूर्त थांबविण्यांत आलें. पुढें तें कायमचेंच झालें. २१ सप्टेंबर रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, या पेठेंतील पैसे घेण्याची व्यवस्थाच आम्ही मोडीत काढीत आहों. १ डिसेंबरपासून फुकट चांचणीची सोय गेली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून जुन्या एक्स्टेन्शनांसहि तेथें दाम घेतां येईना. रचणारांनीं पैशाची दुसरी सोय पाहावी व जुन्या गिऱ्हाइकांचे परवाने तिकडे हलवावे, असें सांगण्यांत आलें. खोटीं नाणीं चाललेलीं आढळलीं म्हणून पेठेच्या धन्यानें सराफकट्टा बंद करावा आणि पेठ मात्र चालूं ठेवावी, तसें हें झालें. दर वाढला असता तर भांडतां आलें असतें. येथें भांडावयास दरच उरला नाहीं.

याच सुमारास हिंदुस्थानांत मोठ्या गाळेकऱ्यांचा तंटा पेटला. १८ सप्टेंबर २०२० रोजीं पेटीएमचा कार्यक्रम जुगाराच्या नियमाखालीं प्ले स्टोअरवरून उतरविण्यांत आला आणि त्याच दिवशीं परत चढविण्यांत आला. त्याच महिन्याच्या अखेरीस गूगलनें बजावलें कीं, कार्यक्रमाच्या आंत डिजिटल माल विकणारानें आमच्याच गल्ल्यांतून पैसे घेतले पाहिजेत. येथील नवउद्योजकांनीं एकच गिल्ला केला, तेव्हां हिंदुस्थानापुरती मुदत वाढली. पुढें लहानांसाठीं वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरांवर दर १५ झाला. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑक्टोबर २०२२ रोजीं याच गल्ल्याच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटि रुपये दंड केला. कंपनीनें मग दुसऱ्याचा गल्ला वापरण्यास मोकळीक दिली, पण तसें केल्यास दस्तुरींत सूट शेंकडा ४ एवढीच. दुसऱ्याच्या गल्ल्याला कांहीं द्यावें लागतेंच, तेव्हां ही सूट म्हणजे एका खिशांतून दुसऱ्या खिशांत. कंपन्या मद्रासच्या उच्च न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारींत तेथें तूर्तचा आदेश मिळाला नाहीं. १ मार्च रोजीं गूगलनें दहा कंपन्यांवर बडगा उचलला. मुंबईचें शादी डॉट कॉम, चेन्नईचें भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम यांचे कार्यक्रम पेठेंतून उतरले. लग्न जुळविणारे, नोकरी मिळवून देणारे व घर दाखविणारे असे तिन्ही मध्यस्थ एका दिवसांत दारांत बसले. दुसऱ्याच दिवशीं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनीं हें चालूं देणार नाहीं, असें सांगितलें, आणि ५ मार्चपर्यंत सर्व जागच्या जागीं आले. २८ मार्च २०२५ रोजीं अपिलांत दंड २१६.६९ कोटींवर उतरला.

कंपनीचें म्हणणें येथें दिलें पाहिजे. पेठ राखण्यास खर्च येतो, आणि हिंदुस्थानांतील दोन लाखांवर रचणारांपैकीं फार थोड्यांस दस्तुरी पडते, असें ती म्हणते. तें खोटें नाहीं. तिच्या परीक्षकांचें कामहि सोपें नाहीं. द ग्रेट सस्पेंडर हें लोकप्रिय एक्स्टेन्शन त्याच्या कर्त्यानें २०२० त दुसऱ्यास विकलें आणि २०२१ च्या फेब्रुवारींत तें घातकी म्हणून क्रोमच्या पेठेंतून काढावें लागलें. हनी हें सवलतीचे परवलीचे शब्द शोधून देणारें एक्स्टेन्शन पेपॅलनें सुमारें ४ अब्ज डॉलरांस घेतलें. २०२४ च्या डिसेंबरांत त्यावर आरोप आला कीं, ज्यानें गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणून पोहोंचविलें त्याची खूण पुसून तें शेवटच्या क्षणीं आपली खूण लावतें व दलाली घेतें. पेपॅलनें धंद्याच्या रूढीकडे बोट दाखविलें. त्यानंतर २०२५ च्या मार्चांत क्रोमच्या पेठेनें नियम केला कीं, वापरणारास त्याच वेळीं प्रत्यक्ष लाभ होत नसल्यास अशी खूण लावूं नये. हा नियम आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटतो. कडता घेणाऱ्या मापाड्याचा अंगठा आणि ही खूण यांत फरक तो काय?

तरी दोन कथांतील अंतर डोळ्यांआड करतां येत नाहीं. शादी आणि नोकरी यांना मंत्री मिळाला, आयोग मिळाला, न्यायालय मिळालें; चार दिवसांत गाळे उघडले. २०२० सालीं ज्या एकट्या रचणाराचा सराफकट्टा बंद झाला, त्याच्यासाठीं कोणा मंत्र्यानें तोंड उघडल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. हा एकटा रचणार परक्या देशांतलाच असतो, असेंहि नाहीं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंतील महाविद्यालयांतून, नांदेडास काय आणि लातुरास काय, संगणकशास्त्र शिकणारीं मुलें-मुलीं आहेत. पुण्या-बंगळुरास न जातां घरीं बसून जगाच्या बाजारांत उतरण्याचा मार्ग त्यांच्यापुढें आहे तो याच पेठेचा. सोयाबीनची गाडी घेऊन लातूरच्या बाजारांत गेलेल्या त्यांच्या बापाला पट्टी मिळते. तींतील एकादा आंकडा खटकला तर बाजार समितीकडे, तेथें दाद न लागल्यास सहकार खात्याकडे तो जाऊं शकतो. पुष्कळदां कोणी ऐकत नाहीं, पण ऐकणारा आणि मापणारा हे निदान कागदावर तरी निराळे असतात.

क्रोमच्या पेठेंत गाळा घेण्यास एकदांच ५ डॉलर भरावे लागतात. पुढें एक्स्टेन्शन नाकारलें किंवा उतरविलें, तर रचणारास पत्र येतें. त्यांत दोषास एक सांकेतिक नांव दिलेलें असतें, कोणा एका रंगाचें व एका मूलद्रव्याचें मिळून केलेलें. जरुरीपेक्षां जास्त परवानग्या मागितल्यास ‘जांभळें पोटॅशियम’, सांगितलेलें काम होत नसल्यास ‘पिवळें मॅग्नेशियम’. तें वाचून मुलानें दुरुस्ती करून पुन्हा पाठवावयाचें असतें, किंवा निर्णय अमान्य असल्यास अपिलाचा नमुना भरावयाचा असतो. तो नमुना त्याच कचेरींत जातो.