फॅक्सच्या पानावर नाव कुणाचं जातंय? एकदा तपासून घ्या

नाशिक : व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात फॅक्स संपला असं वाटतं. तरी तालुक्याच्या गावी एखाद्या कार्यालयात, पतसंस्थेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात ऑल-इन-वन मशिनला फोनची वायर जोडलेली दिसते. अशा मशिनवरून कागद पाठवला, की समोर निघणाऱ्या पानाच्या अगदी वर बारीक अक्षरांत एक ओळ छापून येते. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचे नाव, फॅक्स नंबर आणि पान क्रमांक. हिला हेडर म्हणतात.

अडचण अशी की ही ओळ पाठवणाऱ्याला दिसतच नाही. त्याच्या मूळ कागदावर ती उमटत नाही, त्याच मशिनवर झेरॉक्स काढली तरी येत नाही. मशिन हे नाव फोन कंपनीकडून घेत नाही. जे भरून ठेवलंय तेच छापते. त्यामुळे सेकंडहँड मशिनवरून जुन्या मालकाचंच नाव जात राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिकडे कारकुनाच्या टेबलावर चार जणांचे फॅक्स एकत्र पडले आणि अर्जाचं तिसरं पान सुटं झालं, तर ते कुणाचं हे सांगायला तेवढीच ओळ असते. अमेरिकेत तर पाठवणाऱ्याची ओळख, नंबर, तारीख आणि वेळ फॅक्सवर असणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

नाव भरायची जागा मशिनप्रमाणे बदलते. ब्रदरच्या मशिनमध्ये मेनूत इनिशियल सेटअप आणि त्यात स्टेशन आयडी असतो. एचपीमध्ये फॅक्स सेटअपमध्ये फॅक्स हेडर शोधा. पॅनासॉनिकच्या बऱ्याच जुन्या मशिनवर मेनू दाबून # आणि 101 केलं की तारीख-वेळ, 102 ला नाव, 103 ला नंबर. अक्षरं जुन्या बटणाच्या मोबाइलसारखीच येतात. इंग्रजी बी हवा तर 2 चं बटण दोनदा. बहुतेक मशिन मराठी अक्षरं घेत नाहीत, जागाही 20-30 अक्षरांचीच. म्हणून संस्थेचं लांबलचक नाव कोंबू नका, ओळखू येईल एवढं इंग्रजीत टाका.

नंबर एसटीडी कोडसह भरा. नाशिक 0253, निफाड 02550, सिन्नर 02551, मालेगाव 02554, येवला 02559. नुसता स्थानिक नंबर मुंबईच्या माणसाला काय कळणार?

तारखेकडेही बघा. लाइट बराच वेळ गेली की काही जुन्या मशिनचं घड्याळ मागे जातं, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठवलेल्या अर्जावर भलतीच तारीख पडते. सगळं भरून झालं की ओळखीच्या फॅक्सवर एक कोरं पान पाठवा आणि वरच्या ओळीचा फोटो मागवून घ्या.

मोबाइल अ‍ॅपवरून फॅक्स पाठवणाऱ्यांच्या पानावर बऱ्याचदा अ‍ॅप कंपनीचाच नंबर जातो. त्यांनी प्रत्येक पानावर हाताने नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहावा.

पाठवल्यावर मशिनमधून निघणारी रिपोर्टची चिठ्ठी अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. तिच्यावर ‘ओके’ आलं म्हणजे समोरच्या मशिनने पानं घेतली, एवढंच. कुणी वाचली असा त्याचा अर्थ नाही. 21 नोव्हेंबर 2018 ला जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्तींचं सत्तास्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर पोहोचलंच नाही, आणि त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली. सुट्टीचा दिवस होता, फॅक्सजवळ कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं. तेव्हा फॅक्स गेला की लगेच फोन करून किती पानं मिळाली ते विचारा, आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवा.