उल्हास खोरे, आकाशातून गुंठ्यागुंठ्याने

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जमिनीचा विषय निघाला की भाषा गुंठ्यांची असते. उपग्रहांच्या कॅमेऱ्यांची प्रगतीही याच मापाने मोजली तर पटकन ध्यानात येते.

अमेरिकेचा लँडसॅट-१ हा २३ जुलै १९७२ रोजी झेपावला. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ७९ मीटरचा, म्हणजे जवळपास ६२ गुंठ्यांचा. त्या दीड एकरात छप्पर असो, गटार असो वा झाड, सगळ्यांची मिळून एकच छटा उमटे. अशा नजरेला उल्हासनगर अवघडच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली छावणीचे शहर झाले आणि पाच कॅम्पांत बराकींना खोल्या जोडत ते दाटत गेले. वालधुनी नदी तर ठिपक्याच्या रुंदीपुढे नगण्यच.

भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून सोव्हिएत रॉकेटने निघाला. त्याचे ‘लिस’ कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवले. लँडसॅटमध्ये आरसा सतत डावी-उजवीकडे हलायचा. इथे हलणारे काहीच नव्हते. २,०४८ प्रकाशसंवेदी घटकांची एक सरळ ओळ, लिस-१मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ७२.५ मीटर जमीन. उपग्रह पुढे सरकला की पुढची ओळ आपोआप टिपली जाई. लिस-१चा ठिपका ५२ गुंठ्यांचा, लिस-२चा १३ गुंठ्यांचा.

निळ्या, हिरव्या आणि लाल पट्ट्यांच्या जोडीला चौथा पट्टा होता अवरक्त प्रकाशाचा. हिरवी पाने तो भरपूर परतवतात, पाणी शोषून घेते. म्हणून कृत्रिम रंगांच्या चित्रात बारवी धरणाचे पाणी काळपट दिसते आणि भोवतालची हिरवाई लालभडक.

२८ डिसेंबर १९९५ रोजी सुटलेल्या आयआरएस-१सीच्या ‘पॅन’ कॅमेऱ्याने ठिपका ५.८ मीटरवर आणला. एका गुंठ्यात तीन ठिपके! १९९९ मध्ये एक मीटरचा इकोनॉस येईपर्यंत नागरी उपग्रहांत याहून बारीक नजर नव्हती. पण पॅनला रंग कळत नव्हते; करड्याच्या ६४ छटा, बस्स. त्यामुळे त्याच्या रेखीवपणावर त्याच उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचे रंग चढवले जात. लिस-३चा ठिपका मात्र साडेपाच गुंठ्यांचा होता.

या सगळ्या कॅमेऱ्यांची पंचाईत एकच: ढग. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने बदलापूर बुडवले, तेव्हा भारताकडे स्वतःचा रडार उपग्रह नव्हता. रडार स्वतःच लहरी सोडते, त्यामुळे त्याला ना ऊन लागते ना निरभ्र आकाश. साचलेले संथ पाणी त्या लहरी पलीकडे परावर्तित करते आणि चित्रात काळे दिसते. मोकळ्या भातखाचरांतला पूर त्यामुळे चटकन ओळखू येतो. इमारतींच्या दाटीत मात्र लहरी पाण्यावरून भिंतीवर आपटून परततात आणि चित्र फसवे होते.

ढगांवर उपाय सापडला तरी वेळेचा प्रश्न उरतो. आयआरएस-१ए दर २२ दिवसांनी त्याच मार्गावर परतत असे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. असे पूर काही तासांत चढतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा रडार उपग्रह निसारही त्याच मार्गावर येतो तो १२ दिवसांनी.