मोड आलेल्या धान्याची कोठी

ज्ञातीच्या वार्षिक अंकात बिअरचा उल्लेख पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. घरी मद्य तयार करणे हा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गुन्हा ठरला आणि महाराष्ट्रात तो आजही गुन्हाच आहे. आम्ही स्वतः चहापलीकडे कधी गेलो नाही. तेव्हा पुढील मजकूर पेयाची शिफारस म्हणून कोणी वाचू नये. त्या पेयासाठी इंग्लंडात घरोघरी जे धान्य साठविले जाई, त्याचा हा इतिहास आहे. आणि त्या धान्याची ओळख आपल्या माजघरास मुळीच नवी नाही.

आमची आजी नाचणी रात्रभर भिजवी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणी, सावलीत वाळवी आणि मंद आचेवर परतून पितळी डब्यात भरी. मात्र ती सगळी एकदम दळीत नसे. लागेल तेवढीच जात्यावर दळून बाळांना व आजाऱ्यांना तिचे सत्त्व देई. एका श्रावणात आम्ही डब्याचे झाकण उघडे टाकले. आठ दिवसांत दाणे मऊ पडले, त्यांस कुबट वास सुटला आणि आम्हांस योग्य तो प्रसाद मिळाला. पुढे इंग्रजी पुस्तकांतून ‘माल्ट’ या शब्दाशी गाठ पडली, तेव्हा तो डबाच आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले धान्य, बहुधा जव. दाण्यास अंकुर फुटू लागला की आतील पिठुळ भागाची साखर करणारे द्रव्य त्यात उत्पन्न होते. पेयां व पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली ते वेगळे काढून त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. अंकुर वाढू दिला तर तो सारी साखर खाऊन टाकील. म्हणून वेळीच भट्टीवर वाळवून त्याची वाढ थांबवावयाची. असे धान्य अखंड आणि कोरडे ठेविले तर महिनोगणती टिकते. भरडले की हवेतील दमट अंश झपाट्याने ओढून घेते. परीक्षा सोपी आहे. दाणा दाताखाली कुरकुरला तर उत्तम, चिवट लागला तर सर्द झाला.

ही विद्या अतिप्राचीन आहे. इराकमधील उरुक नगरीच्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर जव आणि माल्ट यांचे हिशेब कोरलेले आहेत. आपल्याकडे सौत्रामणी यागातील सुरेच्या सामग्रीत शष्प आणि तोक्म ही नावे येतात. भाष्यकार त्यांचा अर्थ मोड आलेली साळ व मोड आलेले जव असाच करतात.

इंग्लंडात मात्र या कोठीवर राजसत्तेची दृष्टी पडली. खेड्यापाड्यांतून गृहिणी घरच्या घरी बिअर करीत आणि सौम्य बिअर मुलेमाणसे सारीच पीत. त्यासाठी लाकडी पेटाऱ्यांतून, माळ्यावरील कोरड्या जागी माल्ट भरून ठेवीत. १६९७ साली, फ्रान्सशी युद्ध चालू असता, तिसऱ्या विल्यमच्या राजवटीत माल्टवर कर बसला. धान्य भिजत घालण्यापूर्वी वर्दी द्यावयाची आणि मग अंमलदाराने येऊन हौदातील व जमिनीवर पसरलेले धान्य मापावयाचे, असा खाक्या होता. १७२५ साली स्कॉटलंडात बुशेलमागे तीन पेन्सांचा कर लावताच ग्लासगो शहरात दंगल उसळली. कराचा पक्षपाती समजून लोकांनी पार्लमेंटचे सभासद डॅनियल कॅम्बेल यांचा वाडा लुटला. सैनिकांच्या गोळ्यांनी माणसे मेली. नुकसानभरपाई शहराच्या माथी बसली आणि त्या पैशाच्या आधारे कॅम्बेलसाहेबांनी आयला बेट विकत घेतले. ते बेट आज माल्टच्याच व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे. दैवाचा विनोद, दुसरे काय!

कराची बाजूही ऐकिली पाहिजे. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात दाखविले की, विक्रीच्या बिअरवरील कर गुत्त्यात पेला विकत घेणाऱ्या गरिबावर पडतो आणि घरी बिअर करणारे श्रीमंत त्यातून सुटतात. म्हणून बिअरवरील कर काढून तो माल्टवर घ्यावा, असे त्यांचे मत होते. युक्तिवाद बिनतोड आहे. पण नेपोलियनशी चाललेल्या युद्धकाळात माल्टवरील कर बुशेलमागे, म्हणजे सुमारे ३६ लिटरच्या मापामागे, साडेचार शिलिंगांच्या घरात गेला आणि शेतमजुराची कोठी रिकामी पडली. विल्यम कॉबेट यांनी १८२१ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकाचा आरंभच घरच्या बिअरने केला आहे. करामुळे मजुराच्या घरची बिअर गेली आणि तेथे चहा आला, यावर त्यांचा फार रोष. चहास त्यांनी दिलेल्या शिव्या आम्हांस मान्य नाहीत. परंतु आईच्या हाताखाली मुलगी जे शिकते ते एक पिढी खंडित झाले म्हणजे पुढे शिकवावयास घरात कोणी उरत नाही, हे त्यांचे दुःख आम्हांस पटते.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर उठविला आणि बिअरवर बसविला. मात्र घरी बिअर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागू लागला. ती अट १९६३ साली मॉडलिंग हे अर्थमंत्री असताना गेली. तोवर जव भिजवून मोड आणणारी घरे जवळजवळ उरली नव्हती. आज तेथील हौशी मंडळी कारखान्यातील माल्ट पोत्याने आणतात, घट्ट झाकणाच्या डब्यात अखंड ठेवतात आणि बिअर करावयाच्या दिवशीच भरडतात. मोड आणण्याचे काम गेले, साठवणीचे तेवढे घरी परतले.

आमच्या घरी तेही उरलेले नाही. नातवासाठी नाचणीचे सत्त्व सूनबाई दुकानातून पुडीने आणतात. आजीचा पितळी डबा अजून फळीवर आहे. झाकण अगदी घट्ट बसते, म्हणून आम्ही त्यात घरपट्टीच्या पावत्या ठेवतो.