वर्तुळात अडकलेली लाट

छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, की हृदय दुबळे झाले असे आपण बहुधा समजतो. वस्तुतः कित्येकदा हृदयाचा स्नायू धडधाकट असतो. चुकलेली असते ती त्यातून धावणाऱ्या विद्युत्‌लहरीची वाट. हे ज्याने प्रथम नीट उलगडून दाखविले, त्या जॉर्ज राल्फ माइन्स या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव वैद्यकाबाहेर फारसे कोणी घेत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

या कथेचा आरंभ समुद्रात आहे. आल्फ्रेड मेयर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जेलीफिशच्या छत्रीसारख्या अंगाचे कडे कापून त्यात आकुंचनाची लाट सुरू करून दिली. पुन्हा डिवचावे न लागता ती एकाच दिशेने फिरत राहिली. हे प्रयोग त्याने 1906 साली प्रसिद्ध केले. माइन्सने तेच कासवाच्या हृदयाच्या स्नायूत करून पाहिले आणि तेथेही लाट फिरली!

असे का व्हावे? आज आपणांस ठाऊक आहे, की विसाव्यात असलेल्या हृदयपेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे 90 मिलिव्होल्टांनी ऋण असतो. सोडियमचे भारित कण आत घुसले की ती चेतते व शेजारणीला चेतविते; पुढे पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. तोवर, म्हणजे साधारण पाव सेकंद, तिला पुन्हा चेतविता येत नाही. म्हणूनच निरोगी हृदयात लाट सर्वत्र पोहोचली की चेतण्याजोगे काही उरत नाही आणि ती विझते. परंतु एका बाजूस वाट अडलेली असेल, दुसऱ्या बाजूने लाट रेंगाळत येत असेल आणि पेशी लवकर ताज्यातवान्या होत असतील, तर फिरून आलेल्या लाटेला आरंभीची जागा सज्ज सापडते. मग ती नैसर्गिक ठोक्याची वाट पाहत नाही. (सगळेच लयबिघाड असे नसतात. काही पेशी पाळी नसताना आपणहून चेततात. पण तो विषय निराळा.)

माइन्सची कसोटी फार सोपी होती: कडे एके ठिकाणी कापावे, लाट तेथेच थांबली, तर ती वर्तुळातच फिरत होती. हृदयाचे वरचे व खालचे कप्पे जोडणारा एखादा जादा स्नायुतंतू असेल, तर माणसातही हे घडू शकेल, असे त्याने 1914 साली सुचविले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील प्रयोगशाळेत तो बेशुद्ध सापडला. अंगाला उपकरणे जोडलेली होती. त्यातच त्याचा अंत झाला. वय अवघे 28. स्वतःवरच प्रयोग करताना तो गेला, असे पुष्कळांनी लिहिले आहे. पण ती अटकळच होय.

त्याची कात्री माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचावयास 54 वर्षे लागली. 1968 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यवैद्याने धडधडीच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांनी बेजार झालेल्या एका कोळ्याचे हृदय उघडले आणि असाच जादा तंतू छेदला. झटके थांबले. आता बहुधा छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात सरकवून, तो तंतू तिच्या टोकाच्या उष्णतेने जाळून टाकतात.