परीकथांची मूळ चित्रं

१९०५ साली लंडनच्या लेस्टर गॅलरीजमध्ये आर्थर रॅकमने ‘रिप व्हॅन विंकल’साठी केलेली मूळ जलरंगचित्रं मांडली गेली. पुस्तकात ती ५१ होती. पुस्तक निमित्तमात्र आणि खरा व्यवहार भिंतीवरचा, असं वाटावं इतकी ही पद्धत पुढे रुळली. एडमंड द्युलाकची ‘अरेबियन नाइट्स’ची चित्रं तर गॅलरीनेच विकत घेतली आणि छपाईचे हक्क हॉडर अँड स्टाउटनला दिले. १९०७ मध्ये पुस्तक आलं.

अशी जलरंगचित्रं पुस्तकात आणणं साधलं ते तीनरंगी छपाईमुळे. फिल्टर लावून मूळ चित्राचे फोटो काढायचे आणि पिवळ्या, लाल, निळ्या शाईचे ठसे एकावर एक उमटवायचे. त्याला गुळगुळीत कागदच लागे. म्हणून चित्रं वेगळी छापून जाड पानांवर कडेने चिकटवत.

रॅकम मोठा धोरणी. आधी पेन्सिल, मग शाईची रेघ, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात. छपाईत रंग थोडा फिका पडला, तरी झाडांची वेडीवाकडी मुळं आणि बुटक्यांची नाकं शाबूत! द्युलाकच्या निळ्या रात्रींची सारी मदार मात्र रंगावरच.

या लाटेत बंगालही आला. लाल बिहारी डे यांच्या लोककथांची, वॉरविक गोबलच्या ३२ रंगीत चित्रांची आवृत्ती मॅकमिलनने १९१२ मध्ये काढली.