मणक्यांत पसरलेल्या कर्करोगावरील उपशामक शस्त्रक्रिया

शरीरात इतरत्र उद्भवलेला कर्करोग मणक्यांत पसरल्यावर वेदना कमी करण्यासाठी, मज्जारज्जूवरील दाब काढण्यासाठी आणि खिळखिळा झालेला कणा सावरण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. रोग बरा करणे हा तिचा हेतू नसतो. उरलेल्या आयुष्यात रुग्णाला बसता-चालता यावे, लघवी-शौचावरचा ताबा टिकावा, यासाठी ती करतात.

हाडांत पसरणारा कर्करोग सर्वाधिक वेळा कण्यात आढळतो. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड व थायरॉइड ही त्याची नेहमीची मूळस्थाने. छातीच्या पातळीवरील मणके अधिक बाधित होतात. गाठीचे दुखणे रात्री वाढते आणि स्टेरॉइडने उतरते. अस्थिर कण्याचे दुखणे वेगळे: आडवा पडलेला रुग्ण शांत असतो, पण कूस बदलताना किंवा उठून बसताना त्याला असह्य कळ येते. असे दुखणे नुसत्या किरणोपचाराने सहसा जात नाही. किरणांनी गाठ आटते, पण मोडलेल्या हाडाला आधार मिळत नाही. अस्थिरता मोजण्यासाठी २०१० मध्ये मांडलेली ‘सिन्स’ ही ० ते १८ गुणांची पद्धत वापरतात. ७ किंवा अधिक गुण आल्यास शल्यविशारदाचा सल्ला घ्यावा लागतो.

पूर्वी मणक्याची फक्त मागची कमान काढत. गाठ बहुधा पुढे, मणक्याच्या मुख्य भागात असल्याने दाब पुरता हटत नसे आणि कणा अधिकच डळमळीत होई. अमेरिकेतील पॅचेल व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १०१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाब थेट काढून नंतर किरणोपचार दिलेल्या गटातील ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. चालण्याची क्षमता टिकल्याचा मध्यक काळ अनुक्रमे १२२ आणि १३ दिवस भरला. मात्र निदान तीन महिने आयुष्य अपेक्षित असलेले आणि शस्त्रक्रिया सोसतील असेच रुग्ण त्या चाचणीत होते. क्षीण रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल.

क्षीणता म्हणजे वय नव्हे. वजन घटणे, स्नायू झिजणे, रक्तातील अल्ब्युमिन कमी होणे, जोडीला हृदय-फुप्फुसांचे आजार असणे यांवरून ती जोखतात. दुखण्यामुळे अंथरुणाला खिळलेला माणूसही दुबळा दिसतो. त्याचा हा दुबळेपणा कणा सावरल्यावर काही अंशी भरून येऊ शकतो. म्हणून ‘अशक्त आहे, नको’ एवढ्यावर निर्णय होऊ नये.

अशा रुग्णांत शक्य तितकी लहान शस्त्रक्रिया निवडतात. छोट्या छेदांतून स्क्रू व सळ्या बसवून कणा स्थिर करता येतो. सुईने मणक्यात हाडांचे सिमेंट भरण्याची रीत (व्हर्टिब्रोप्लास्टी) फ्रान्समध्ये १९८४ साली गालिबेर व देरामाँ यांनी प्रथम वापरली. ती स्थानिक भूल देऊनही करता येते. पण तिने मज्जारज्जूवरील दाब हटत नाही, आणि मणक्याची मागची भिंत फुटलेली असल्यास सिमेंट पाझरण्याचा धोका असतो. पृथक्करण शस्त्रक्रियेत पूर्ण गाठ न काढता मज्जारज्जूभोवती थोडी जागा मोकळी करतात. उरलेल्या गाठीवर नंतर अचूक रोखलेले तीव्र किरण देतात. मूत्रपिंड व थायरॉइडच्या गाठी फार रक्तस्राव करतात. त्यामुळे त्यांचा रक्तपुरवठा आधी बंद करणे हिताचे असते.

पाय जड होणे, बधिरपणा चढत जाणे, लघवी तुंबणे ही लक्षणे तातडीची होत. त्याच दिवशी संपूर्ण कण्याचा एमआरआय आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचा निर्णय व्हायला हवा. उपचाराच्या वेळी रुग्ण चालत असेल तर पुढेही चालण्याची शक्यता चांगली. पाय पूर्ण लुळे होऊन ४८ तास उलटल्यावर सुधारणा क्वचितच होते.

लिम्फोमा व मायलोमा किरणांना चांगला प्रतिसाद देतात. त्यांत कणा स्थिर असल्यास बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. आयुष्य काही आठवड्यांचेच उरले असेल तर ८ ग्रे मात्रेचा एकच किरणोपचार, मॉर्फिन आणि घरची शुश्रूषा हा मार्ग अधिक योग्य. शस्त्रक्रिया ठरल्यास जखम चिघळणे, रक्ताची गुठळी आणि न्यूमोनिया यांची कल्पना रुग्णाला व नातेवाइकांना आधी द्यावी. आधी किरण दिलेल्या त्वचेतील जखम उशिरा भरते. ती भरेपर्यंत पुढचा किरणोपचार आणि केमोथेरपी लांबते. मोजके महिने हाती असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा विलंबही हिशेबात धरावा लागतो.